मोकळी ठेवायची जागा

पट्टीकाकांच्या शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी असायची. पेन विसरतील, रुमाल विसरतील, बायकोने सांगितलेलं सामान तर हमखास विसरतील, पण पट्टी नाही. चौतीस वर्षं त्यांनी बांधकाम खात्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढले: पूल, पाण्याच्या टाक्या, सरकारी इमारतींचे जिने. ऑफिसातली मंडळी त्यांना पट्टी म्हणायला लागली, निवृत्तीनंतर गल्लीने त्याला काका जोडलं, आणि खरं नाव तेवढं विजेच्या बिलावर उरलं. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं वाटलं तर ते उठून मोजायचे आणि सांगायचे, "पाव इंच उजवीकडे झुकलंय." सरळ करायचं काम अर्थात काकूंचं.

अशा माणसाला कुळाचं पुस्तक काढणाऱ्या समितीने हेरलं नसतं तरच नवल. कुळाचं पुस्तक म्हणजे एका आडनावाच्या, एका गोत्राच्या सगळ्या घराण्यांची वंशावळ: कोण कुणाचा मुलगा, कुठून कुठे गेला, काय शिकला, पुढे कोण. अडतीस वर्षांपूर्वी पहिली आवृत्ती निघाली तेव्हा समितीचे प्रमुख होते काकांचे वडील. त्यांना अख्खं कुळ अण्णा म्हणायचं. माहिती अण्णांनी जमवली आणि वंशावळीचे एकशे बारा तक्ते काकांनी काढले, ऑफिस सुटल्यावर, घरच्या ड्रॉइंग बोर्डावर, काळ्या शाईने.

पुस्तकाच्या सुरुवातीला सगळ्या ब्राह्मणांचा मिळून एक तक्ता होता. मधे विंध्याची आडवी रेघ. रेघेच्या वर पाच चौकोन, ते पंचगौड. खाली पाच, ते पंचद्रविड. वर सारस्वत, कान्यकुब्ज, मैथिल वगैरे. खाली तेलंग, कर्नाटक, गुर्जर वगैरे आणि आपण. मग आपल्या चौकोनाच्या पोटात देशस्थ, कोकणस्थ, कऱ्हाडे असे आणखी चौकोन, त्यांच्या पोटात आणखी, आणि असं डब्यात डबा करत शेवटच्या काडेपेटीएवढ्या चौकोनात आपलं कुळ. यांतले खरे शुद्ध कोण, हे प्रत्येक डब्यातल्या माणसाला न विचारता ठाऊक असतं. काकांना त्या तक्त्याचा भारी अभिमान. घरी कुणी आलं की चहाच्या आधी तक्ता. "अक्षर बघा," ते म्हणायचे, "स्टेन्सिल नाही, हाताचं आहे." आडवी रेघ एका फटक्यात, कुठेही न थांबता मारली होती, हेही ते सांगत.

ती रेघ त्यांच्या घरातून गेली होती, हे मात्र सांगत नसत.

काकांना एक धाकटा भाऊ. घरात त्याला धाकटाच म्हणायचे, पन्नाशी उलटली तरी. त्याचं बाजारात चष्म्याचं दुकान होतं. सव्विसाव्या वर्षी त्याने दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या ग्रंथपालांच्या मुलीशी लग्न केलं. मुलगी सारस्वत. त्यांच्या गच्चीवर काय वाळत घातलंय ते अण्णांच्या खिडकीतून दिसायचं, इतकं घर जवळ. पण तक्त्यात बघायला गेलं तर ती विंध्याच्या पलीकडची. अण्णा लग्नाला गेले नाहीत. आदळआपट नाही, आरडाओरडा नाही. अण्णांचा राग थंड असायचा. "घरात तो एकटा येऊ शकतो," एवढंच म्हणाले.

धाकटा एकटा यायचा. महिन्यातून एकदा, दुकान बंद असेल त्या दिवशी. अण्णांच्या समोरच्या खुर्चीत बसायचा, त्यांचा चष्मा मागून घ्यायचा, काचा पुसायचा, काड्यांचे स्क्रू आवळायचा. बापलेक हवापाण्याचं बोलायचे. चौथ्या वर्षी त्याला मुलगी झाली. त्याने ते सांगितलं तेव्हा काका शेजारी बोर्डावर वाकलेले होते. अण्णांनी विचारलं, "नाव काय ठेवलं?"

चार वर्षांत त्या घराबद्दल अण्णांनी विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

त्याच महिन्यात अण्णांच्या घराचा तक्ता काढायची पाळी आली. इथे तक्त्यातल्या खुणा सांगायला हव्यात, कारण सगळं त्यावर आहे. प्रत्येक नावाखाली एक उभी रेघ असते. मुलंबाळं असतील तर ती पुढे फुटते. माहिती आली नसेल तर रेघेखाली जागा मोकळी ठेवतात, म्हणजे पुढच्या आवृत्तीत भरता येते. आणि वंश संपला असेल तर रेघेच्या टोकाला भरीव काळा ठिपका. ठिपका दिला की ते घर संपलं. त्याच्याखाली पुन्हा कुणी काही लिहीत नाही.

"धाकट्याच्या नावाखाली काय घेऊ?" काकांनी विचारलं होतं.

अण्णांनी बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं. "मोकळी ठेव जागा," ते म्हणाले. "पुढे बघू."

काकांनी ठिपका टाकला.

का टाकला, याची त्यांनी स्वतःला दोन उत्तरं दिली. पहिलं त्यांना लगेच सुचलं: सगळ्या रेघा व्यवस्थित संपत होत्या आणि ती एकटी लोंबत होती, डोळ्याला खुपत होती. दुसरं उत्तर यायला वर्षं लागली, आणि ते खरं होतं. ते स्वतः अण्णांनी दाखवलेल्या मुलीशी लग्न करून, अण्णांच्या घरात, अण्णांच्या तंत्राने राहिले होते. कधी उलटा शब्द नाही. त्याबद्दल अण्णांनी कधी त्यांना काही विचारलं नाही, की बाबा तुला काय हवं होतं. आणि हा धाकटा मनाला येईल ते करून, वर महिन्याकाठी येऊन "नाव काय ठेवलं" ऐकून जात होता. काकांच्या पोटात दुखलं. शाईचं पेन हातात होतंच.

अण्णांची नजर तोवर अधू झाली होती. प्रूफं काका वाचायचे. ठिपका मोहरीएवढा, तो अण्णांना दिसला नाही.

धाकट्याला दिसला. तो पुस्तक घेऊन थेट ड्रॉइंग ऑफिसात आला. जेवणाची सुट्टी होती, बाकीची टेबलं रिकामी होती. त्याने पान उघडून समोर ठेवलं आणि ठिपक्यावर बोट ठेवलं. "दादा, हे काय?"

"अण्णांनी सांगितलं," काका म्हणाले.

तोंडातून गेलं ते गेलं. त्यांना वाटलं, धाकटा आता घरी जाऊन अण्णांना जाब विचारेल आणि सगळं बाहेर पडेल. पण धाकटा अण्णांचाच मुलगा होता. त्याचाही राग थंड होता. त्याने पुस्तक मिटलं. "तू तरी काय करणार," तो म्हणाला. "त्यांच्यापुढे तुझं कधी चाललंय?" आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवून तो निघून गेला. काकांना त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. आपल्याला सुटल्यासारखं वाटलं होतं, ही गोष्ट पुढे त्यांना ठिपक्याहून जास्त छळत राहिली.

त्यानंतर धाकटा अण्णांकडे आला नाही. पहिल्या महिन्यात अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या महिन्यात म्हणाले, "दुकानात गर्दी असेल." मग रोज विचारायला लागले. काका म्हणायचे, हो, गर्दी असेल. अण्णांच्या चष्म्याची एक काडी सैल झाली, मग निघाली. त्यांनी ती दोऱ्याने बांधली. काका म्हणाले, कोपऱ्यावरच्या दुकानातून आवळून आणतो, तर अण्णांनी चष्मा काढून दिला नाही. "तो आला की करेल," म्हणाले. तीन वर्षं त्यांनी दोऱ्याचा चष्मा वापरला, आणि दोऱ्याचाच चष्मा घालून ते गेले. धाकटा त्या दिवशी आला, दाराबाहेर उभा राहिला आणि आत न येता परत गेला. नातेवाइकांनी नावं ठेवली. काका खाली मान घालून बसले होते. लोकांना ते दुःख वाटलं.

अण्णा गेल्यावर धाकटा पुन्हा यायला लागला, आता दादाकडे. बायकोला, मुलीला, नंतर झालेल्या मुलालाही घेऊन. काकांच्या चष्म्याचा नंबर तोच काढायचा, काचा तोच बसवायचा, पैशांचं नाव काढू द्यायचा नाही. दादाबद्दल त्याच्या मनात अढी नव्हती. दादा बिचारा, बापाने त्याच्या हातून हे करून घेतलं, असं तो धरून चालला होता. काकांनीही काकूंना, समितीला, विचारेल त्याला तेच सांगितलं होतं. सांगून सांगून ते इतकं गुळगुळीत झालं होतं की कधीकधी त्यांना स्वतःलाच खरं वाटायचं. पण धाकटा समोर बसून त्यांच्या नाकावर चष्मा ठेवायचा, जवळून डोळ्यांत बघायचा आणि विचारायचा, "आता स्पष्ट दिसतंय?" तेव्हा त्यांना कुठे बघावं कळायचं नाही.

आठ महिन्यांपूर्वी धाकटा गेला. दवाखान्यात काका दोनदा भेटून आले. दोन्ही वेळा ठरवून गेले होते की सांगायचं. एकदा नर्स आत होती. दुसऱ्यांदा कुणी नव्हतं, आणि ते हवापाण्याचं बोलून परत आले.

आणि आता पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघत होती. काका त्र्याहत्तर वर्षांचे, समितीतले सर्वांत ज्येष्ठ, संपादक म्हणून त्यांचंच नाव. समितीचे अध्यक्ष निवृत्त इंजिनियर होते आणि नियमाला पक्के. मोकळ्या जागा त्या घरचा माहितीचा फॉर्म आला की भरायच्या. ठिपका काढायचा असेल तर मात्र मागे शुद्धिपत्रात कारण छापायचं, खाली संपादकाची सही. काकांना आशा होती की धाकट्याच्या घरून फॉर्म येणार नाही. आशा कसली, लाज वाटावी अशीच ती होती.

फॉर्म घेऊन धाकट्याची मुलगी स्वतः आली. दुकान आता ती चालवायची. दुपारची वेळ, दुकानाला सुट्टी. काकूंनी तिला जवळ घेतलं, वाळलीस म्हणाल्या, चहा टाकायला आत गेल्या. तिने टेबलावर फॉर्म ठेवला. स्वतःचं नाव, भावाचं नाव, जन्मतारखा, आईचं माहेर, सगळं भरलेलं. मग पिशवीतून पुस्तक काढलं. पहिल्या आवृत्तीची तिच्या वडिलांची प्रत.

"हे बघितलंत का कधी, मोठे काका?"

तिने पान उघडलं. ठिपका तिथे होता, गोल आणि नीटस. त्याच्याखाली पेन्सिलने, पट्टी न लावता ओढलेल्या दोन वाकड्या रेघा, आणि रेघांच्या टोकाला दोन मुलांची नावं. धाकट्याचं अक्षर. पेन्सिल पुसट झाली की वरून पुन्हा गिरवलेली दिसत होती, दोनदा तरी.

"दर एक-दोन वर्षांनी काढून बसायचे," ती म्हणाली. "मी म्हणायचे, पेनाने लिहा ना एकदाचं. तर म्हणायचे, पेनाने दादा लिहील."

काकांनी चष्मा काढून पुसला.

"मला एक मागायचंय तुमच्याकडे. रागावू नका." तिने घडी केलेला कागद पुढे केला. "शुद्धिपत्रात काय छापायचं ते मी लिहून आणलंय. अध्यक्षांना फोनवर वाचून दाखवलं, ते म्हणाले चालेल, फक्त तुमची सही हवी."

कागदावर सुवाच्य अक्षरात दोन ओळी होत्या. तक्ता क्रमांक सत्तेचाळीस यात वंशसमाप्तीची खूण, विवाह दुसऱ्या ब्राह्मण शाखेत झाला या कारणाने, तत्कालीन कुटुंबप्रमुखांच्या आज्ञेवरून टाकण्यात आली होती. ती अन्याय्य होती. समिती दिलगीर आहे.

"आजोबांना वाईट वाटायला ते आता आहेत कुठे," ती म्हणाली. "पण छापलेलं राहील. आजोबांचा फोटो आमच्या घरात नाही, काका. बाबांनी कधी लावू दिला नाही. शेवटी दवाखान्यात मात्र म्हणाले, अण्णांना माफ करायला हवं होतं, जमलं नाही. माणूस जाताना हे मनात घेऊन गेला. निदान कागदावर तरी ज्याचं त्याला मिळू दे."

सही करायला एक सेकंद लागला असता. पेन समोर होतं. अध्यक्षांना चालत होतं, मुलीला हवं होतं, आणि अण्णा काही बोलणार नव्हते. काकांनी पेन उचललं. सहीची जागा तिने टिंब टिंब करून आखली होती. त्यांनी पेनाचं टोक टेकवलं आणि तिथेच ते थांबले. आपण इतक्या सहजपणे सही करणार होतो, याचीच त्यांना किळस आली.

"हे खोटं आहे," ते म्हणाले.

"काय खोटं आहे?"

"अण्णांनी सांगितलं नव्हतं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "अण्णा म्हणाले होते, जागा मोकळी ठेव, पुढे बघू. ठिपका मी टाकला. माझ्या मनाने. तुझ्या बाबाने विचारलं तेव्हा मी अण्णांचं नाव सांगितलं."

स्वयंपाकघराच्या दारात काकू कप घेऊन उभ्या होत्या. त्या केव्हा आल्या होत्या, काकांना कळलं नाही.

"मोकळी ठेव म्हणाले होते?" तिने विचारलं.

"हो."

"म्हणजे पुढे भरायची होती."

"हो. तुझं नाव विचारलं होतं त्यांनी. तू झालीस तेव्हा."

तिने फॉर्म जरा बाजूला सरकवला. मग एकेक शब्द मोजून विचारलं, "आणि बाबा यायचे बंद झाले, तेव्हा आजोबांनी काही विचारलं?"

"रोज," काका म्हणाले. "तीन वर्षं रोज. मी सांगायचो, दुकानात गर्दी असेल."

काकूंनी कप टेबलावर ठेवले. "ठिपका मामंजींनी टाकायला लावला, असंच मला पण सांगितलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "पोराचा वंश खोडणारा माणूस म्हणून मी मामंजींशी शेवटची तीन वर्षं धड बोलले नाही. जेवायला वाढायचे आणि आत जायचे. ते म्हणायचे, सूनबाई, बस जरा. मी बसले नाही." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि बाहेर आल्या नाहीत.

काकांना वाटलं, मुलगी आता बोलेल, ओरडेल, काहीतरी फेकून मारेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिने आपला कागद उचलला, उभा फाडला, आडवा फाडला आणि तुकडे पिशवीत टाकले. पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं. फॉर्म तेवढा टेबलावर राहू दिला.

"दवाखान्यात आला होतात ना तुम्ही," ती म्हणाली. "दोनदा."

"हो."

"दोन्ही वेळा बाबा पूर्ण शुद्धीत होते, काका. आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट. त्यांनी ऐकलं असतं."

ती दारात थांबून चप्पल घालत होती तेव्हा त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण जे म्हणायचं ते आधीच उशिरा म्हणून झालं होतं. "नावं छापा आमची," ती पाठमोरी म्हणाली. "आणि शुद्धिपत्र तुम्हीच लिहा. आजोबा जे म्हणाले ते जसंच्या तसं."

शुद्धिपत्र काकांनी त्याच दुपारी लिहिलं. तक्ता सत्तेचाळीसमधल्या नावाखाली जागा मोकळी ठेवावी अशी अण्णांची सूचना होती. ती डावलून ठिपका मी टाकला. भावाने विचारल्यावर मी वडिलांचं नाव सांगितलं. ते असत्य होतं. खाली सही. अध्यक्षांचा फोन आला. "अहो काका, इतकं उघडं कशाला करता? घरातलं घरात राहू दे. 'नजरचुकीने' असा शब्द घालू या."

"नजर चुकली नव्हती," काका म्हणाले.

छापून आलं. कुळातल्या अडीचशे घरांत ते गेलं आणि लोकांनी वाचलं. काही जणांनी मोठ्या मनाचे आहात म्हणून कळवलं. ते वाचून काकांना जास्तच शरम वाटली. काकू घरात बोलायच्या, पण कामापुरतं: पाणी आलंय, गॅस संपलाय. अण्णांचा फोटो त्यांनी कपाटातून काढून स्वतः भिंतीवर लावला. तो किती तिरका आहे हे काकांनी मोजलं नाही.

मुलीची प्रत काका स्वतः दुकानात घेऊन गेले. दोन गिऱ्हाइकं होती. तिने त्यांना जरा थांबा म्हटलं, शेवटचं पान काढून उभ्याउभ्या वाचलं, मग सत्तेचाळिसावा तक्ता काढून बघितला. आता तिथे रेघ फुटून दोन नावं होती, काकांच्या हातची. "ठीक आहे," ती म्हणाली, पुस्तक काउंटरखाली ठेवलं आणि गिऱ्हाइकाकडे वळली. काका थोडा वेळ उभे राहिले आणि बाहेर पडले.

ती नंतर त्यांच्या घरी आली नाही. काका अधूनमधून फोन हातात घेतात, नंबर लावतात आणि पहिली घंटी वाजायच्या आत ठेवून देतात. तिला काय म्हणून बोलवावं हे त्यांना सुचत नाही. तिने का यावं, हे तर त्याहून नाही.